शनवार तेल्यांचा शनिवार

१८७४ साली आपल्या ह्या पुण्यात एक पुस्तक शिळाछापावर छापले गेले. छापखाना विठ्ठल सखाराम अग्निहोत्री यांचा. प्रसिद्ध करणारे तळकर आडनावाचे दोघे गृहस्थ. पुस्तक कोणते, तर वल्हांडण सणाच्या रात्री यहुदी कुटुंबात मोठ्याने वाचावयाची हग्गादा. मूळ मजकूर हिब्रू, आणि सोबत मराठी भाषांतर. मोशेने आपल्या लोकांस मिसर देशाच्या दास्यातून बाहेर काढले ती कथा एका अग्निहोत्र्याच्या छापखान्यात मराठीत उतरावी, ही पुण्यासारख्या गावातच घडू शकणारी गोष्ट होय. त्याच्या पुढल्याच वर्षी, १८७५ साली, न्यायमूर्ती रानड्यांनी ह्या वसंत व्याख्यानमालेचा आरंभ केला. दोन्ही गोष्टी वसंत ऋतूतल्या. एकीचा दुसरीशी संबंध जोडण्याचा आमचा उद्देश नाही. पण त्या वेळचे पुणे मनात उभे करताना रानड्यांची सभा आपणांस दिसते आणि तळकरांची हग्गादा दिसत नाही, एवढे सांगावयाचे आहे.

त्या पुस्तकात चित्रे आहेत. बहुतेक चित्रे युरोपातल्या जुन्या हग्गादांवरून उतरविलेली आहेत. पण एका चित्रात साड्या नेसलेल्या बाया जमिनीवर बसून सणाची बिनखमिराची भाकरी तयार करीत आहेत. ॲम्स्टरडॅमच्या चित्रकाराला ह्या बाया ठाऊक असणे शक्य नव्हते. त्या आपल्या कोकणातल्या. ह्या पुस्तकाची हुबेहूब प्रत १९६८ साली न्यूयॉर्क येथे पुन्हा निघाली, आणि त्या प्रतीतल्या त्या पानाचे छायाचित्र आम्ही प्रथम पाहिले ते एका कामगाराच्या हातात. आमची शाळा लवकर सुटली. पुढले वाचन झाले ते पाळी संपल्यावर, युनियनच्या कचेरीतल्या बाकावर. तेव्हा आजचे बोलणे पंडिताचे नव्हे, हे आपण ध्यानात ठेवालच.

बेने इस्रायल म्हणजे इस्रायलचे पुत्र. ह्या समाजाची आपल्या उगमाविषयीची कथा अशी की, फार पूर्वी त्यांच्या पूर्वजांचे गलबत अलिबागच्या उत्तरेस नवगावच्या किनाऱ्याजवळ फुटले. सात पुरुष व सात स्त्रिया तेवढी वाचली. बुडालेल्यांची प्रेते किनाऱ्याला लागली, ती तेथेच पुरली. पोथ्या, भांडी, सर्व समुद्राने नेले. हे कधी घडले याविषयी मतभेद आहेत. ह्या समाजाचे इतिहासकार हाईम सामुएल किहिमकर यांनी तो काळ इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकापर्यंत मागे नेला. दुसरे कोणी तो पाचव्या-सहाव्या शतकावर आणतात. समुद्राने टाकलेली चौदा माणसे आणि त्यांतून उभी राहिलेली एक जात, ही कथा पुण्याच्या श्रोत्यांस अगदीच अपरिचित वाटू नये. परशुरामाने सजीव केलेल्या मृतांची जी कथा आहे, तिचे हिच्याशी साम्य अनेकांच्या ध्यानात आले आहे. कोणी कोणाची घेतली, हा वाद आम्ही विद्वानांवर सोपवितो.

वाचलेली माणसे कुलाबा जिल्ह्याच्या, म्हणजे आजच्या रायगडच्या, गावोगाव पसरली. किहीमचे किहिमकर, दिव्याचे दिवेकर, पेणचे पेणकर, राजपुरीचे राजपूरकर, तळ्याचे तळकर. नावे बायबलातली, पण घासून घासून आपल्या मातीची झालेली. सामुएल एझेकिएल ह्या नावाचा कोकणात सामाजी हसाजी झाला. धंदा म्हणाल तर तेलाचा घाणा. जोडीला शेती आणि नारळ. पोथी नव्हती, धर्मोपदेशक नव्हता, हिब्रूचे अक्षर नव्हते. हिब्रूतले एक वाक्य मात्र टिकले होते, ‘शेमा’, म्हणजे देव एकच आहे ही घोषणा. जन्म असो, लग्न असो, मरण असो, ते एकच वाक्य म्हणावयाचे. मुलाची सुंता आठव्या दिवशी होई. खवले आणि पर नसलेला मासा ताटात येत नसे. आणि शनिवारी घाणा बंद.

ह्या शेवटल्या गोष्टीवरून शेजाऱ्यांनी त्यांस नाव दिले, शनवार तेली. त्यांचा देव, त्यांचा ग्रंथ, त्यांचा मूळ देश यांपैकी कशाचीही खूण शेजाऱ्यांना माहीत नव्हती. हे लोक शनिवारी काम करीत नाहीत, एवढे मात्र दिसत होते. नाव पडले ते त्यावरून.

आमचे आयुष्य कामाचे तास मोजण्यात गेले, त्यामुळे ह्या ठिकाणी आम्ही थांबतो. घाण्याचे काम कसे असते ते आता फारसे कोणी पाहत नाही. बैलाच्या डोळ्यांवर झापड बांधलेली, लाट फिरते आहे, करकर चालली आहे, आणि दिवसभर चालूनही बैल जागच्या जागीच. आपल्या भाषेत न संपणाऱ्या कष्टाला घाण्याला जुंपणे म्हणतात ते उगाच नव्हे. अशा धंद्यातल्या माणसाने आठवड्यातला एक सबंध दिवस, शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंत, लाट थांबवावयाची म्हणजे त्या दिवसाच्या तेलावर पाणी सोडावयाचे. गावातला दुसरा तेली त्या दिवशी गिऱ्हाईक नेणार. सावकार व्याजात शनिवार वगळणार नाही. असे असता हा दिवस शेकडो वर्षे पाळला गेला, आणि तोही तो का पाळावयाचा ते सांगणारी पोथी हाताशी नसताना.

पोथीत काय होते, ते आपण पाहू शकतो. बायबलातील अनुवाद नावाच्या पुस्तकात दहा आज्ञा आहेत, त्यांत शब्बाथाची आज्ञा आहे. विसावा कोणाकोणाला द्यावयाचा त्याची तेथे यादीच दिली आहे. तुला, तुझ्या मुलामुलींना, तुझ्या दासदासींना, तुझ्या दारच्या परक्याला. आणि त्या यादीत बैलही आहे. कारण असे दिले आहे की, तूही मिसर देशात दास होतास, ते विसरू नकोस. मालकाला साप्ताहिक सुट्टीचे कारण म्हणून त्याच्या पूर्वजांची वेठबिगारी दाखविणारा कायदा आम्ही दुसरा पाहिला नाही. त्याच कथेत फेरोच्या विटांच्या भट्ट्या आहेत. मोशे राजाकडे प्रथम मागतो ती राज्यक्रांती नव्हे. देवाची पूजा करण्यासाठी तीन दिवसांच्या वाटेवर जाऊ द्यावे, एवढेच मागतो. आमच्या भाषेत रजेचा अर्ज. राजा काय करतो? रजा नाकारतो आणि विटांसाठी लागणारा पेंढा देणे बंद करतो; विटांची संख्या मात्र तीच ठेवतो. सामान कमी, उत्पादन तेवढेच! हा हुकूम आम्ही पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात निराळ्या शब्दांत अनेकदा वाचला आहे.

मुंबईच्या गिरण्यांत साप्ताहिक सुट्टी मिळाली ती १० जून १८९० रोजी, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नाने. सत्यशोधक लोखंड्यांनी मागितला रविवार. रविवार हा गोऱ्या साहेबाच्या देवळाचा दिवस खरा, पण गिरणीतल्या घाटावरच्या माणसाला तो खंडोबाचा वार म्हणून आपला वाटे. म्हणजे तेथेही विसावा मागताना पूर्वजांचा देव मदतीला आला. मात्र लोखंड्यांच्या कामगारांनी जे संघटनेने मिळविले, ते रायगडातल्या एकट्या-दुकट्या तेल्याने आपल्या घरात, कोणाशी करार न करता, स्वतःच्या पोटाला चिमटा घेऊन सांभाळले होते.

आता एक गोष्ट सांगणे भाग आहे. तीसेक वर्षांपूर्वी, आम्ही युनियनच्या कामात नवखे असताना, एका कारखान्यात मागण्यांची सनद तयार करीत होतो. त्या पट्ट्यात विजेच्या हिशेबाने सुट्टी गुरुवारी असे. तेथे लेथवर एक बेने इस्रायल गृहस्थ होते, वयाने आमच्या वडिलांच्या बरोबरीचे. आम्ही त्यांना काका म्हणत असू. सभा संपल्यावर ते आमच्याजवळ आले आणि म्हणाले, “सनदेत एक ओळ घाल. गुरुवारी मी काम करीन, माझा शनिवार मला दे.” आम्ही हसलो. एका माणसासाठी सनदेत कलम घालता येत नाही, कामगारांचे प्रश्न सगळ्यांचे असतात, असे काहीतरी ऐटीत सांगितले. ते रागावले नाहीत. म्हणाले, “माझ्या आजाला कोणी पगार देत नव्हता, तरी त्याचा घाणा शनिवारी उभा. माझी लेथ चालते. मला पगार मिळतो ना!” त्या वाक्याला आमच्याजवळ उत्तर नव्हते, पण कलम काही घातले नाही. पुढे सनदेवर सह्या झाल्या, पेढे वाटले गेले. त्यांनीही एक घेतला.

त्यांच्यामुळे आम्ही ह्या विषयाकडे वळलो, हे कबूल केले पाहिजे.

शनिवारासारखेच त्यांचे सण. सणांची हिब्रू नावे विसरली गेली; जी उरली ती स्वयंपाकघराची आणि शेजारपाजारची. वर्षारंभाचा तो नव्याचा सण. प्रायश्चित्ताचा मोठा उपवास तो दारफाळणीचा सण, कारण त्या दिवशी दारे लावून, पांढरी वस्त्रे नेसून सर्वांनी घरात बसावयाचे, बाहेरच्याचा स्पर्शही टाळावयाचा. एक खिरीचा सण. यरुशलेमचे मंदिर पडल्याच्या शोकाचा उपवास तो बिरड्याचा रोजा. म्हणजे मंदिर कोणते, ते कोणी पाडले, हे स्मरणातून गेले, पण त्या दिवशी मांस नाही, वालाचे बिरडे खावयाचे, हे राहिले. पुरीम सणाला म्हणत होळीचा सण. रोजा हा शब्द मुसलमान शेजाऱ्याचा, होळी हिंदू शेजाऱ्याची. आणि वल्हांडण सणाचे नाव तर फारच अर्थपूर्ण, अनशी ढाकाचा सण. अनस म्हणजे घरात आंबट कालवण साठविण्याचे मडके. त्याचे तोंड सणाच्या दिवसांत झाकून ठेवावयाचे, म्हणून हे नाव. मूळ धर्माज्ञा अशी की, मिसर सोडताना कणीक आंबविण्यास सवड मिळाली नाही, त्याची आठवण म्हणून ह्या दिवसांत आंबवलेले काही खाऊ नये. कारण बुडाले, मडक्यावरचे झाकण राहिले.

पंचांगाशिवाय हे दिवस चुकले कसे नाहीत, असा प्रश्न आपल्या मनात येईल. याचे उत्तर आमच्या मते चंद्रात आहे. हिब्रू महिना आपल्या दक्षिणेकडच्या महिन्यासारखाच अमावास्येनंतर सुरू होतो. त्यांच्यातही अधिक महिना आहे. एकोणीस वर्षांत सात. त्यामुळे वल्हांडण येतो पौर्णिमेला, बहुधा चैत्री पौर्णिमेच्या आसपास. पुरीम त्याआधीच्या पौर्णिमेला, म्हणजे बहुधा आपल्या होळीला. दारफाळणी नव्या वर्षाच्या शुद्ध दशमीस, जेव्हा आपल्याकडे पुष्कळदा दसरा असतो. अधिक महिना दोघांचा एकाच वेळी पडतो असे नाही, म्हणून कधी एका महिन्याचा फरक पडतो. पण तिथी जुळते. कोकणातल्या बेने इस्रायल बाईने शेजारणीचा चंद्र पाहिला आणि आपला सण धरला. वारसा टिकविण्यासाठी एकटे राहावे लागते असे म्हणणाऱ्यांनी ह्या बाईचा विचार करावा.

दारफाळणीच्या भोवती त्यांचे पितर येतात. आदल्या दिवशी पूर्वजांचे आत्मे घरी येतात आणि उपवासाच्या दुसऱ्या दिवशी निरोप घेतात, अशी जुनी समजूत होती. त्या दुसऱ्या दिवसाचे नाव शिळा सण; त्या दिवशी दानधर्म करावयाचा. सर्वपित्री अमावास्येनंतर दहाबारा दिवसांनी दुसऱ्या एका समाजाचे पितर त्याच गावात उतरत, आणि त्या गावाला त्याचे काही विशेष वाटत नसे.

सर्वांत वेगळी गोष्ट म्हणजे एलियाहू हन्नाबीचा मलिदा. एलिया हा बायबलातील प्रेषित. तो मेला नाही, अग्नीच्या रथातून स्वर्गास गेला अशी कथा आहे. यहुदी जगात पुष्कळ ठिकाणी वल्हांडणाच्या रात्री त्याच्यासाठी द्राक्षरसाचा पेला भरून ठेवतात आणि सुंतेच्या वेळी एक खुर्ची रिकामी ठेवतात. कोकणात तो नुसता पाहुणा राहिला नाही, नवसाला पावणारा झाला. अलिबागजवळच्या खंडाळे गावी (घाटातले खंडाळे निराळे) एका खडकावर ज्या खुणा आहेत, त्या त्याच्या रथाच्या मानतात. शेबात महिन्याच्या पौर्णिमेस त्याचा उरूस. लग्न ठरले, दुखण्यातून माणूस उठला, घर घेतले, मुलगा परदेशी निघाला, की मलिदा करावयाचा. भिजवलेल्या पोह्यांत ओले खोबरे, साखर किंवा गूळ, वेलची, सुकामेवा, सोबत फळे. भोवती बसून एलियाची स्तुती गावयाची आणि मग सर्वांनी प्रसाद घ्यावयाचा. मेलेल्यांच्या स्मरणार्थही तो करतात. दुसऱ्या देशांच्या यहुद्यांना हा विधी ठाऊक नाही. म्हणून काही धर्मपंडितांना तो शंकास्पद वाटला. आमच्या मते कोकणातल्या पोह्या-खोबऱ्याने एलियाचा पाहुणचार करावा, यात शंका घेण्यासारखे काही नाही. घरात असते तेच पाहुण्याच्या पुढे ठेवतात.

मग पोथी परत आली. ती एकदम आली नाही. पहिले नाव दावीद राहाबी यांचे. त्यांचा काळ कोणी अकराव्या शतकात घालतात तर कोणी अठराव्या. कथा अशी की, ह्या परदेशी गृहस्थाने कोकणात येऊन शनिवार व सुंता पाहिली आणि संशय मिटविण्यासाठी बायकांपुढे निरनिराळे मासे ठेवले. त्यांनी खवले-परांचे तेवढे उचलले. मग त्याने तीन कुटुंबांतल्या तरुणांस प्रार्थना शिकविल्या व त्यांस काजी केले. त्या कथेत परीक्षा झाली ती स्वयंपाकघरात, आणि उत्तीर्ण झाल्या त्या बायका. पुढे सामाजी हसाजी दिवेकर, कंपनीच्या फौजेतला अंमलदार, टिपूच्या कैदेतून सुटून आला आणि १७९६ साली मुंबईत त्याने समाजाचे पहिले प्रार्थनामंदिर बांधले. लोक त्याला मशीदच म्हणत. तेथील रस्ता आजही सामुएल स्ट्रीट ह्या नावाने ओळखला जातो. कोचीनहून शिक्षक आले. ख्रिस्ती मिशनरी आले; जॉन विल्सन यांनी १८३२ साली ह्या समाजासाठी मराठीतून हिब्रूचे व्याकरण छापले. मिशनऱ्यांचा हेतू धर्मांतराचा होता हे उघड आहे. फळ उलटे निघाले. हिब्रू वाचावयास शिकलेले लोक आपल्याच धर्मात अधिक पक्के झाले. १८४६ साली मुंबईत मराठी भाषांतरासह हग्गादा निघाली आणि १८७४ साली पुण्यात ती, जिच्यापासून आपण प्रारंभ केला.

हग्गादेत असे अभिप्रेत आहे की, प्रत्येक पिढीतल्या माणसाने आपण स्वतःच मिसरमधून बाहेर आलो असे मानावे. वाडवडील दास होते असे म्हणून भागत नाही. दास मी होतो, सुटलो मीच. घरातला लहानगा प्रश्न विचारतो आणि थोरांनी उत्तर द्यावयाचे. शनवार तेल्याच्या नातवाने हे प्रथम मराठीत वाचले तेव्हा त्याला काय वाटले असेल याची आम्ही कल्पना करतो. आजी मडक्यावर झाकण का ठेवी, ते त्याला छापील पानावर सापडले! एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ह्या मंडळींनी कीर्तनेही रचली. साकी, दिंडी, ओवी हीच वृत्ते, पूर्वरंग-उत्तररंगाचीच घडण, आणि आख्यान अब्राहामाचे, योसेफाचे किंवा एलियाचे. हिंदू शेजाऱ्याचे कीर्तन ऐकून आलेल्या माणसाने आपल्या पूर्वजांची कथा त्याच चालीत सांगितली; दुसऱ्या कोणत्या चालीत ती त्याच्या आईला समजली असती?

सगळे गोड होते असे मात्र नव्हे. ज्या शेजारधर्माने चंद्र दिला, त्यानेच जातही दिली. समाजात गोरे इस्रायल आणि काळे इस्रायल असे भेद होते; काळ्यांशी रोटीबेटी व्यवहार नसे, भांडी वेगळी असत. मिसरच्या दास्याची कथा दर साल वाचणाऱ्यांनी हे करावे, याचे आम्हांस वाईट वाटते, आश्चर्य वाटत नाही. आमच्या चळवळीतही पाण्याचे माठ वेगळे राहिलेले आम्ही पाहिले आहेत. पुढे बगदादहून आलेल्या श्रीमंत यहुद्यांनी तेच माप ह्या सगळ्यांनाच लावले. १८३६ साली मुंबईतल्या बगदादी मंडळींनी दफनभूमीत आपली व बेने इस्रायलांची बाजू भिंत घालून वेगळी करावी, असा अर्ज सरकारकडे केला. पुण्याचे लाल देऊळ, म्हणजे डेव्हिड ससून यांचे १८६७ सालचे ओहेल डेव्हिड, आपण सर्वांनी पाहिले आहे. रास्ता पेठेतले सुक्कथ श्लोमो, १९२१ सालचे, ह्या मराठी बोलणाऱ्या समाजाचे, ते फार थोड्यांनी पाहिले असेल.

सर्वांत कठीण प्रसंग पुढे होता. १९४८ साली इस्रायलचे राज्य झाले. त्या सुमारास हा समाज वीस हजारांच्या आसपास होता. त्यांतले बहुसंख्य पुढील वर्षांत तिकडे गेले. त्या देशाच्या राजकारणाचा विचार हा आजचा विषय नव्हे. कोकणची माणसे बेर्शेबाच्या वाळवंटाकडे गेली, काम आणि घर मिळताना रंग पाहिला जातो अशी त्यांची तक्रार झाली, आणि १९५१ साली काहींनी तेल अवीवमध्ये ठिय्या देऊन परत पाठवा अशी मागणी केली. त्यांतले काही १९५२ साली मुंबईस परतलेही. पण पोटाचा प्रश्न मनुष्य सोसतो. १९६२ साली तेथील मुख्य धर्मपीठाने नियम काढला की, बेने इस्रायल व्यक्तीने समाजाबाहेरच्या यहुद्याशी विवाह करावयाचा असल्यास तिच्या आईची, आजीची, शक्य तितक्या मागच्या पिढ्यांची तपासणी करावी. वंश शुद्ध आहे काय? मधल्या काळात घटस्फोट धर्माप्रमाणे झाले होते काय? ज्यांच्या पोथ्या समुद्राने नेल्या, त्यांच्याजवळ कागद मागितला गेला. आपल्याकडे जात पडताळणीच्या कचेरीत आजोबांचा दाखला मागतात तेव्हा रांगेतल्या माणसाचे तोंड कसे होते, ते आम्ही पाहिले आहे. येथे दाखला मागितला होता शेकडो वर्षांचा.

१९६४ च्या उन्हाळ्यात ह्या मंडळींनी यरुशलेमेत धरणे धरले. बायका-मुलांसह ज्यू एजन्सीच्या आवारात बसून राहिले. गिरणगावात वाढलेल्या माणसाला हा मार्ग शिकवावा लागत नाही. अखेर १७ ऑगस्ट १९६४ रोजी तेथील लोकसभेची खास बैठक भरली आणि बेने इस्रायल हे सर्व दृष्टींनी यहुदी आहेत, इतरांहून त्यांच्यात भेद करू नये, असे ठरले. त्यानंतर धर्मपीठाने नियमातून त्यांचे नाव गाळले. ज्याच्याविषयी शंका असेल त्याची तपासणी करावी, हा नियम मात्र राहिला. कामगार पुढाऱ्याला अशी तडजोड ओळखू येते. अलीकडे, २०१६ साली, जनुकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला आणि ह्या समाजाच्या रक्तात मध्यपूर्वेकडील यहुदी अंश आणि भारतीय अंश दोन्ही आहेत असे त्यात दिसले. त्याच वर्षी महाराष्ट्र शासनाने यहुद्यांस अल्पसंख्याक दर्जा दिला. दोन्ही गोष्टी चांगल्या झाल्या. पण समजा, तपासनीसाच्या नळीत उलटे उत्तर निघाले असते. तर मग दर शनिवारी थांबलेला तो घाणा कोणाचा ठरला असता?

आज भारतात हा समाज चार-पाच हजारांचा उरला आहे. तिकडे इस्रायलात ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक निघाले, आणि तेथील मराठी मंडळी महाराष्ट्र दिनही करतात. मलिदा तेथे चालू आहे. पोहे लागतात, ते मिळवितात.

काका निवृत्त झाले तेव्हा मुलाबरोबर तिकडे जाणार अशी बोलवा होती, पण ते गेले नाहीत. रास्ता पेठेतल्या त्यांच्या घरी आम्ही एकदा चैत्रात गेलो. वल्हांडणाचे दिवस होते. त्यांनी १८७४ च्या हग्गादेच्या त्या पानाचे छायाचित्र काढून दाखविले आणि बायांच्या चित्रावर बोट ठेवून म्हणाले, “ही बघ, ह्यांना कोणी विचारले नाही दाखला.” आम्ही जुन्या सनदेची गोष्ट काढली, चूक झाली असे म्हटले. ते म्हणाले, “अरे, तेव्हा तुझेही बरोबर होते. एका माणसाचे कलम मालकाने पहिल्यांदा उडविले असते.” आणि थोडे थांबून, “पण तू लिहायला पाहिजे होतेस.”

काकूंनी चहा दिला. स्वयंपाकघराच्या फळीवर लोणच्याची चिनीमातीची बरणी होती. तिच्या तोंडाला धुवट फडके घट्ट बांधलेले होते. आम्ही विचारले, हे कशासाठी? काकू म्हणाल्या, “ते आता सण झाल्याशिवाय सोडायचे नाही. सासूबाई बांधायच्या.”